सावलीचं टोक
पवित्र डोंगराची संरक्षित हद्द आखणाऱ्या तरुणीकडे शेवटची खुंटी उरली होती. हद्दीच्या आत नवं बांधकाम बंद. “डोंगर संपतो कुठे, आजोबा?” तिने म्हाताऱ्या गवंड्याला विचारलं. “त्याची सावली संपते तिथे. आज दिवस नि रात्र सारखी. चारच्या घंटेला टोक पोचेल तिथवर डोंगर. बापजाद्यांपासून हेच माप.” दोघं सावलीच्या पुढे पुढे निघाले. निळसर थंडावा गवतावरून, विहिरीवरून, भिंतींवरून अलगद सरकत त्यांच्या टाचांमागे येत होता. घंटा झाली तेव्हा सावलीचं टोक गवंड्याच्याच अंगणात, लेकाच्या खोलीसाठी रचलेल्या विटांवर निजलं होतं. तिचा हात थबकला. “चार पावलं मागे, डोंगराकडे ठोकते. खोली हद्दीबाहेर राहील. कुणाला कळणार?” “त्याला कळेल की.” म्हातारा शिखराकडे बघत हसला. “शिकलेल्या पोरीने माप मारावं?” त्याने एकेक वीट बाजूला ठेवली आणि खुंटीपुरती जागा करून दिली.