कच्च्या दुधाचा गुण

कारेगावच्या जालिंदरचं पोट कंपनीतल्या शिफ्टांमुळं सारखं बिघडायचं. मोबाईलवरचा एक व्हिडिओ बघून त्यानं घरात जाहीर केलं, "आजपासून माझं जेवण बंद. नुसतं म्हशीचं कच्चं दूध, आन् वर ओवा-त्रिफळ्याचा काढा!"

नवरा उपाशी असताना आपण कसं जेवायचं, म्हणून त्याच्या बायकोनं, इंदुमतीनंही भाकरी सोडून दूध-काढाच धरला. थोड्याच दिवसांत तिचं पोट बिघडलं, गाल बसले. जालिंदर मात्र चांगला गुबगुबीत दिसायला लागला.

"मला का गुण येत न्हाई वो?" तिनं विचारलं.

"तुझा विश्वास कमी पडतोय," तो म्हणाला.

पुढं तळेगावच्या आठवडी बाजारात तिला कंपनीच्या गेटवरचा मिसळवाला भेटला.

"वहिनी, भाऊ सांगत्यात तो तुमचा काढा मला बी शिकवा की! भाऊ रोज माझ्याकडं दोन प्लेट मिसळ आन् वर भजी हाणत्यात, तरी पोटाची कसलीच तक्रार न्हाई!"

 

आता दोघांच्या वाट्याचा काढा जालिंदर एकटाच पितो, आणि त्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत इंदुमती समोर बसून पार्सल आणलेली मिसळ खाते.