निरोगी नमुना

"बसा. आता उठा. अहो ताई, झटकन उठा, तरच आवाज वाढतो."

ताई उठल्या. सरांनी त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि खूश होऊन मान हलवली. गावोगावहून शिकायला आलेले डॉक्टर समोर रांगेत उभे होते. एकेकाने पुढे यायचं, ताईंनी खाली बसून उठायचं, त्याने ऐकायचं. एखाद्याला नीट ऐकू आलं नाही की परत तेच. गृहपाठ न केलेल्या पोरीने उठाबशा काढाव्यात तसं चाललं होतं.

"धाप लागली? छान," सर म्हणाले. "हेही लक्षात ठेवा सगळ्यांनी."

छान म्हणे! समोरच्याला धाप लागली की खूश होणारी माणसं ही, त्यांना काय बोलायचं.

मग ताईंना खाटेवर डाव्या कुशीवर झोपवलं, यंत्र लावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचं हृदय आलं. सरांनी काठीने दाखवलं. "ही मधली भिंत बघा, केवढी जाड. स्नायू असा वाढतो की रक्ताला बाहेर पडायला वाट उरत नाही. हे यांना वडिलांकडून आलं. भावालाही आलं. तो ऐन पंचविशीत खेळता खेळता मैदानात पडला, तो उठलाच नाही. मुलांत उतरायची शक्यता निम्मी. घ्या नाणं, उडवा!"

हॉलमध्ये हशा पिकला. ताईही कसनुशा हसल्या. एवढे शिकलेले लोक हसतायत म्हटल्यावर आपणच तोंड पाडून कसं बसायचं?

हे सगळं त्यांना ठाऊक होतं. सरांनी बोलावलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. माझं काय हवं ते बघा, माझ्या लेकीला मात्र हात लावायचा नाही. लेक एकोणीस वर्षांची. धावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पुढच्या महिन्यात ती मोठ्या संघात जायची होती. आईला बीपी आहे, एवढंच तिला माहीत. तपासलं आणि काही निघालं तर धावणं त्याच दिवशी बंद. मग ती घरात नुसती बसून राहील, आणि ते बघायचं बळ ताईंच्या अंगात नव्हतं. चुकत होत्या का? चुकत होत्याच. सरांनी दोनदा समजावलं, मग वैतागून शब्द दिला.

"आता तुलनेसाठी एक निरोगी हृदय," सर म्हणाले. एरवी त्यासाठी यंत्र चालवणाराच खाटेवर आडवा व्हायचा, पण तो आज रजेवर होता. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाहेर बाकावर ती मुलगी बसलीय ना, तिला बोलवा."

हाताखालची डॉक्टरीण घुटमळली. "सर, ती यांचीच मुलगी आहे."

"मला माहीत आहे."

ताई कोपरावर उठल्या. "डॉक्टरसाहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"तपासणार नाही म्हणालो होतो. मी कुठे तपासतोय? मी शिकवतोय," सर म्हणाले. "हलू नका."

काय डोकं म्हणायचं! नॉर्मल निघालं तर फरक दाखवायचा, नाही निघालं तर वारसा दाखवायचा. कसंही झालं तरी तास रंगणार.

लेक आली ती हसतच. "माझं? बघा की! एकदम फिट आहे मी, सर." पुढच्या रांगेतल्यांना तिचं कौतुक वाटलं. ताईंनी नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की सगळंच सांगितल्यासारखं. त्या परत डाव्या कुशीवर पडल्या. शेजारच्या खाटेवर लेक आडवी झाली. डॉक्टरणीने चादर घालून छातीला थंडगार जेल लावलं, तशी ती गुदगुल्या झाल्यासारखी खिदळली.

पडद्याचे दोन भाग झाले. डावीकडे आईचं हृदय गोठवून ठेवलेलं, उजवीकडे लेकीचं धडधडणारं.

"तर ही बघा निरोगी..." सरांनी काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली. मग ते पडद्याजवळ गेले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद पसरला, तो लपवायचं भान त्यांना राहिलं नाही. त्यांनी काठी डाव्या भिंतीवर टेकवली, मग उजव्या भिंतीवर. बोलायची गरज नव्हती.

"आंधळा मागतो एक डोळा..." पहिल्या रांगेतला एक डॉक्टर शेजाऱ्याच्या कानात म्हणाला. शेजाऱ्याचं लक्ष नव्हतं, तो मोबाइलवर फोटो काढत होता. मग सगळ्यांचेच मोबाइल वर झाले.

ताईंनी पाहिलं. जाड भिंत कशी दिसते ते सरांनी आत्ताच तर काठी लावून शिकवलं होतं.

"मागच्यांना दिसतंय का?" सरांनी विचारलं. "नसेल तर पुढे या. बाळा, तू अशीच पडून राहा हं."

खुर्च्या सरकल्या. एवढे फोटो काढतायत म्हणून लेकीने एका हाताने केस नीट केले आणि मान उंचावून दोन्ही चित्रं आलटून पालटून पाहिली. तिचा चेहरा खुलला.

"अय्या, आई! सगळे म्हणतात मी बाबांवर गेलेय. बघ ना, आपलं दोघींचं अगदी सारखं आहे!"

ताईंनी चादर तोंडावर ओढून घेतली.

"हो ग बाई," आतून आवाज आला. "माझ्यावरच गेलीस."