फुटलेला कोफ्ता

लेकीच्या सासूबाई पहिल्यांदाच जेवायला आल्या होत्या आणि झारा होता दिगंबररावांच्या हातात. पालकाचे कोफ्ते तळायचं काम बायकोनं त्यांच्यावर सोपवलं, ते बजावूनच. "गोल गोल पाहुण्यांना. फुटतील ते तुमचे."

डॉक्टरांनी त्यांचं तळलेलं केव्हाच बंद केलं होतं. त्यामुळे कोफ्ते भराभर फुटू लागले. एक झाऱ्याचा धक्का लागून, दुसरा उलटताना आणि तिसरा तर नुसत्या नजरेनंच.

"बेसन कमी पडलं की काय?" म्हणत बायको आत आली, तेव्हा ग्रेव्ही रटरटत होती, ताटातले कोफ्ते कमी झाले होते आणि नवऱ्याचा गाल फुगला होता.

"सरका!" तिनं झारा हिसकावला. "विहीणबाई किती कडक आहेत, ठाऊक आहे ना? पोरीला जन्मभर ऐकवतील."

तिनं कढईत कोफ्ता सोडला. छान खरपूस, गोलमटोल झाला. तिनं दिवाणखान्याकडे एकवार पाहिलं आणि झाऱ्याच्या कडेनं त्याला टचकन टोचलं.

"अगंबाई, हाही फुटला! अर्धा घ्या."

दोघांची तोंडं भरलेली असतानाच दारात बांगड्या वाजल्या. कडक इस्त्रीची साडी, ताठ मान. विहीणबाईंनी ताटाकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, मग दोघांच्या गालांकडे.

मागून कुणी येत नाही ना, हे बघून त्या आत सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आणखी एखादा फुटेल का हो?"