किनाऱ्यावरची साक्ष

"जलमार्ग प्राधिकरणाच्या कायद्यानं मी कुठल्याही बोटीवर न विचारता चढू शकते," चौकशी अधिकारी बोयाना म्हणाली आणि केबिनच्या दारातच थबकली. "पण आत येऊ का?"

"चढलीच आहेस, पोरी. बस," स्पासोये म्हणाला.

त्याची मालवाहू बोट डॅन्यूबच्या काठाला बांधून ठेवली होती. काल आपल्या गावासमोरून जाताना त्यानं तीन आखूड भोंगे दिले होते. नदीच्या नियमात त्याचा अर्थ एकच: माझं इंजिन उलटं चालू आहे. मागून येणाऱ्या बोटीनं घाबरून सुकाणू फिरवलं आणि ती थेट वाळूत रुतली.

"तो शहाणा आमच्या शेपटीला चिकटून येत होता," कॉफी ओतता ओतता खलाशी मिलुतिन करवादला. "आणि चौकशी आमची!"

"इंजिन खरंच उलटं घेतलं होतंत का, काका?"

मिलुतिननं स्पासोयेचा खांदा दाबला. हो म्हटलं की सुटका होती. नाहीतर परवाना जाणार, आणि परवाना गेला की गावातल्या घरी राहायला जावं लागणार. बायकोला पुरल्यापासून स्पासोये तिथे एक रात्रही झोपला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "घरी हाक दिली. आमची खिडकी नदीवर उघडते. तीन भोंगे म्हणजे, आलोय, सूप चुलीवर ठेव. लग्न झाल्यापासून दरवेळी देतो."

बोयाना एकदम पुढे झुकली. "मग वाचाल की! जुनी सवय होती, एवढं सिद्ध झालं तर नुसती ताकीद मिळेल. पण बोटीवरच्या माणसाची साक्ष चालत नाही. ज्याला हाक दिली, त्यानं सांगायला हवं. कोण होतं खिडकीत?"

"देसान्का. माझी बायको."

"त्यांना घेऊन येते. बायका कधीकधी घाबरतात, नाही म्हणतात. पण काळजी करू नका. कायद्यानं मी कुणालाही साक्षीला हजर करू शकते."

मिलुतिनचा चमचा कपात थांबला.

"कुणालाही?" स्पासोयेनं विचारलं.

"कुणालाही, काका."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. बाकावर भिंतीकडे सरकून शेजारी एका माणसाची जागा केली.

"मग बोलाव तिला," तो म्हणाला. "मी थांबतो."