शेवटचा बाक

ताट शेवटच्या बाकाशी आलं, तेव्हा धर्मराजांनी नकळत पाळकांकडे पाठ केली.

ताटात पावाचे बारीक चौकोनी तुकडे होते. येशूच्या आठवणीत पाव वाटून खायच्या, प्रभुभोजनाच्या रविवारी ते लोकांपर्यंत नेण्याचं काम पंचांचं, आणि अंबरनाथच्या या ख्रिस्ती मंडळीत धर्मराज एकवीस वर्षं पंच होते. शेवटच्या बाकावर त्यांची बायको बकुळा बसली होती. तिला आता आधाराशिवाय चालता येत नसे, म्हणून शेजारी सोनिया होती. त्यांची मुलगी. आईला घेऊन यायला ती सकाळीच चिखलोलीहून रिक्षा करून आली होती. दोन वर्षांत या हॉलमध्ये तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं उन्मेषशी नोंदणी कार्यालयात लग्न केलं. मुलगा हिंदू, लग्न मंडळीबाहेर. पंचांनी पत्र देऊन तिला प्रभुभोजनातून वगळलं. सगळ्यांसमोर उभी राहून ‘माझी चूक झाली’ म्हणेपर्यंत. त्या पत्रावर पहिली सही धर्मराजांची होती. सोनिया उभी राहिली नाही. उन्मेषला चूक म्हणणं तिला जमणार नव्हतं.

आज सकाळी बकुळा म्हणाली होती, “आज तिघांनी मिळून घ्यायचं. पुढच्या महिन्याचं मला सांगू नका.”

“अगं, नियम आहे.”

“तुमचा नियम आणि माझी तब्येत. बघू, आधी काय मोडतंय.”

आणि पाळकांनी प्रवचनाला नेमकं आदाम-हव्वेचंच घेतलं. देवानं मनाई केलेल्या फळाच्या त्या झाडाभोवती कुंपण घातलं नव्हतं, ते म्हणाले. हात पोचेल असंच ठेवलं होतं. नाही म्हणता येत असेल, तरच हो म्हणण्याला अर्थ. धर्मराजांना हे पाठ होतं. रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना त्यांनीच ते वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पहिल्या रांगेत तेव्हा सात वर्षांची सोनिया असे.

बकुळानं ताटातला तुकडा उचलून तळहातावर ठेवला. सगळ्यांना वाटून झालं की मगच, एकाच वेळी खायचं, अशी रीत. ती मुलीकडे बघत राहिली.

धर्मराजांनी ताट खाली घेतलं. पुढच्या बाकाच्या पाठीआड.

“घे,” ते कुजबुजले. “पटकन.”

सोनियानं ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“पप्पा, असं लपवून?”

“घे ना बाळा. मम्मीसाठी.”

“सरळ उभे राहून द्या, मी घेते. फळ खाल्लं ते खाल्लं, पण मग दोघं झाडांमागे लपून बसले, देवाला त्याचंच जास्त वाईट वाटलं असेल, असं तुम्हीच सांगायचात ना?”

त्यांनी ताट वर घेतलं. छातीपर्यंत आणलंही.

“काय भाऊ, कमी पडले का?” पुढच्या बाकावरून इंदुबाईंनी मान वळवली.

इंदुबाई नुसतंच विचारत होत्या. धर्मराज म्हणाले, “नाही, नाही, आहेत,” आणि ताट घेऊन निघाले. मागून बकुळानं शर्टाला हात लावला की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढं पाळकांनी ताट घेतलं. त्यातला एक तुकडा धर्मराजांच्या हातात दिला. पंचांनी शेवटी घ्यायचं असतं.

“कोणी राहिलंय का?” पाळकांनी मंडळीला विचारलं. दर वेळी ते असं विचारत, आणि उत्तर पंचांनी द्यायचं.

“नाही,” धर्मराज म्हणाले. “सगळ्यांना पोचलं.”

आवाज अगदी स्पष्ट निघाला.

पाळकांनी खूण केली. माना झुकल्या. सगळ्यांनी तुकडे तोंडात टाकले. धर्मराजांचा हात तेवढा वर गेला नाही.

मागं बाक करकरला. सोनियाच्या खांद्याला धरून बकुळा उभी राहत होती. तिला इतका वेळ लागला, की झुकलेल्या माना एकेक करून मागं वळल्या. उभी राहिल्यावर तिनं तळहातावरच्या तुकड्याचे नखानं दोन भाग केले. तुकडा मुळात केवढासा. अर्धा तिनं सोनियाच्या तोंडासमोर धरला, सगळ्या मंडळीदेखत, आजारी लेकराला भरवावं तसा.

“घे गं,” ती म्हणाली. कुजबुजली नाही.

सोनियानं तोंड उघडलं.

उरलेला अर्धा बकुळानं खाल्ला. मग दोघी दाराकडे निघाल्या. कोणी अडवलं नाही. इंदुबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. बकुळा दर दोन पावलांनी थांबत होती. तेवढ्या वेळात धर्मराजांना तिथवर सहज पोचता आलं असतं. बारा बाकांचं अंतर.

दारापाशी चपलांजवळ, दर रविवारी दार सांभाळणारा विनीत उभा होता. त्यानं बकुळाला हात देऊन पायरी उतरवली. सोनियानं चपला आईच्या पायात सरकवल्या. मग बाजाराचा गोंगाट आत येऊ नये म्हणून विनीतनं नेहमीसारखं दार लोटून घेतलं.

धर्मराज आत उभे होते. त्यांच्या बोटांत अख्खा तुकडा होता.