काठीवरची खूण

पाइप जोडून झाल्यावर कारागीर डेक्लनने तेलाच्या टाकीचं झाकण लावलं, तसं मी ते पुन्हा उघडलं आणि काठी आत बुडवली. तेल जिथवर लागलं, तिथे चाकूने खूण केली. तो हसला. हसणारा माणूस मला जास्तच खटकतो. तीस वर्षं एसटीच्या डेपोत डिझेल सांभाळलंय मी. जो पाइप जोडतो, त्यालाच तेल काढायची वाट ठाऊक असते.

“बाबा, इथे आयर्लंडात घर गरम ठेवणारे बॉयलर तेलावरच चालतात. गावातल्या सगळ्यांची टाकी हाच जोडतो,” लेक म्हणाली. “चोरी नाही करत कुणी.”

“डेपोतही सगळे हेच म्हणायचे.”

सकाळी पुन्हा काठी घातली. बॉयलर अजून पेटलाही नव्हता आणि तेल खुणेच्या बोटभर खाली! डेक्लन बॉयलर सुरू करून द्यायला फाटकातून आत आला, तशी मी काठी त्याच्या नाकासमोर धरली.

“आता हसून दाखव म्हणावं त्याला!” मी लेकीला म्हणालो.

तो हसला नाही. पाइपच्या कडेकडेने बघत गेला आणि टाकीखालच्या पितळी नटापाशी गुडघ्यांवर बसला. तिथलं गवत तेलाने चिंब झालं होतं. नट इतका आवळलेला, की आतली तांब्याची नळीच चिरली होती. तो लेकीला काहीतरी म्हणाला.

“बाबा, तो विचारतोय, काल तो गेल्यावर इथे कुणी हात लावला होता का?”

तीस वर्षं हा प्रश्न मीच विचारत आलो होतो. मी काठी खाली ठेवली आणि काल संध्याकाळपासून कोटाच्या खिशात असलेला जावयाचा पाना काढून डेक्लनच्या हातात दिला.