जास्तीचं ताट

"आई, इथे कुणाकडे न सांगता जात नाहीत," असं अस्मिताने सासूबाईंना न्यूझीलंडमधल्या लोअर हटला आल्या आल्याच बजावलं होतं. तरी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मनोरमाबाई बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन शेजारच्या क्रिस्टिनाबाईंकडे गेल्याच.

क्रिस्टिनाबाई ऐंशीच्या, मूळच्या पोलंडमधल्या क्राकूव शहरातल्या. घरात एकट्या, पण टेबलावर ताटं दोन. भिंतीवर नवऱ्याचा फोटो. मनोरमाबाई काय ते समजल्या. त्यांनी दुसऱ्या ताटात एक लाडू ठेवला, हात जोडले आणि निघाल्या.

"बसा ना जेवायला."

"मिस्टरांचं पान आहे ना ते? त्यावर मी कशी बसू?" मनोरमाबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

क्रिस्टिनाबाईंना ते उमगायला जरा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "गेलेल्यासाठी नाही ते. आमच्या क्राकूवमध्ये आजच्या दिवशी घरोघरी एक ताट जास्तीचं मांडतात. न सांगता येणाऱ्यासाठी."

"मग येतं कुणी?"

"एकेचाळीस वर्षं मांडतेय. इथे सगळे आधी फोन करतात, आणि मग येत नाहीत."

तेवढ्यात मनोरमाबाईंचा फोन वाजला. अस्मिता होती.

"आई, आहात कुठे? न सांगता कशा गेलात?"

"जेवायला बसलेय गं," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि मघाशी ज्याला हात जोडले होते तो लाडू स्वतःच खायला घेतला.